समोरच्या फ्लॅटची मालकीण

मी घरमालकीण झाले ती माझ्या नवऱ्याच्या हौसेमुळे. आम्ही दोघंही नोकरदार. मी टपाल खात्यात, तो एका सरकारी कार्यालयात. सगळा संसार चेंबूरच्या क्वार्टर्समध्ये झाला. तिथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी अर्ज करावा लागतो, असं तो चिडून म्हणायचा. निवृत्ती जवळ आली तशी आम्ही दर रविवारी घरं बघत हिंडायला लागलो. पळस्प्याला बघितलं, कोनला बघितलं. शेवटी विचुंब्यात एका नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर तो थांबला आणि जिन्यासमोरची दोन दारं त्याने आळीपाळीने उघडून पाहिली.

"एक राहायला आणि एक भाड्याला," तो म्हणाला. "समोरासमोर. भाडेकरू नजरेसमोर राहील, पेन्शनला जोड होईल आणि तुलाही सोबत."

मी म्हटलं, "दोन कशाला? एक मोठा घेऊ."

"विमानतळ होऊ दे, मग बघ," तो म्हणाला. त्या काळात पनवेलमध्ये कुठलंही वाक्य याच शब्दांनी संपायचं. दलाल तेच म्हणायचा, बिल्डरचा माणूस तेच म्हणायचा, चहावालासुद्धा तेच म्हणायचा.

आम्ही राहायला आलो तेव्हा ध्यानात आलं की ही इमारत राहण्यासाठी कोणी घेतलेलीच नाही. ठाणे, मुलुंड, बोरिवली, पुणे, कुठकुठल्या लोकांनी फ्लॅट घेऊन ठेवले होते आणि कुलपं लावून ते विमानतळाची वाट बघत होते. सात मजल्यांत राहती कुटुंबं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आमच्या मजल्यावर चार दारं. त्यांतली दोन कायमची बंद, एक आमचं, आणि समोरचं तेही आमचंच. म्हणजे समोर भाडेकरू असला तर मला शेजार, नाहीतर नाही. हे गणित तेव्हा कळलं नव्हतं, कारण तेव्हा नवरा होता.

पहिले भाडेकरू एक तरुण जोडपं होतं, दोघंही ऐरोलीला कामाला. सकाळी जायची, दिवे लागल्यावर यायची. उन्हाळ्यात बोअर आटली, टँकर सुरू झाले, आणि त्यांनी दुसरीकडे घर बघितलं. जाताना ती मुलगी म्हणाली, "काकू, घर छान आहे हो, पण अंघोळीला पाणी तर हवं ना."

त्याच पावसाळ्यात नवरा गेला. दवाखान्यात चारच दिवस होता. मुलगी इंदूरहून आली, तेरावं झालं, आणि ती म्हणाली, "आई, तू माझ्याकडे चल." गेलेही. पण जावयाच्या घरी त्याचे आईवडीलही राहतात, माणसं चांगली, पण तिथे मला कोणती खुर्ची आपली मानायची तेच कळेना. परत आले. जिना चढून वर आले, पिशवी खाली ठेवली आणि किल्ली काढताना दोन्ही दारांकडे बघितलं. दोन्ही माझ्या नावावर, आणि दोन्हींच्या आत कोणी नाही.

त्यानंतरचा भाडेकरू मी एकटीने ठरवला, म्हणजे दलालाने ठरवला. एका ट्रान्सपोर्ट कंपनीतला सुपरवायझर, कुटुंब गावाला, लवकरच आणणार असं सांगितलं. अकरा महिन्यांचा करार झाला, दलालाने यंत्र आणून माझा अंगठा घेतला, पोलिसांकडे नोंद झाली. कुटुंब काही आलं नाही. त्याऐवजी त्याचे सहकारी येत गेले. एके सकाळी दार उघडं होतं म्हणून डोकावले तर हॉलमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत गाद्या आणि त्यांवर आडवेतिडवे झोपलेले पुरुष. मी सुपरवायझरला विचारलं तर तो अगदी निरागसपणे म्हणाला, "मैडम, मेहमान हैं." ते पाहुणे करार संपेपर्यंत राहिले. गेल्यावर न्हाणीघराच्या दोन फरश्या फुटलेल्या आणि स्वयंपाकघराची भिंत तेलाने पिवळी झालेली निघाली. मी माणूस बोलावून रंग देऊन घेतला. रंगाच्या वासात एकटीच खिडकीपाशी उभी राहिले आणि ठरवलं, आता कुटुंबच हवं. खरंखुरं.

ते आलं. तिशीतली एक बाई आणि तिची शाळेत जाणारी मुलगी. माहेर पनवेलचं, सासर उरणकडचं, कोकणी मुसलमान. नवरा मस्कतला नोकरीला, वर्षातून एकदा यायचा. सासरी दीर-जावांमध्ये जागा अपुरी पडायला लागली म्हणून वेगळं घर बघत होती. फ्लॅट बघायला आली तेव्हा आधी तिने नळ उघडून बघितला आणि हसली. "पाणी नाही वाटतं आत्ता?"

"दुपारी येतं. सकाळी तासभर. उन्हाळ्यात टँकर," मी खरं ते सांगितलं.

"काकू, आमच्याकडे विहिरीवरून ओढलंय मी लग्नानंतर. चालेल," ती म्हणाली. मग दलालाकडे न बघता माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आम्ही चालू ना तुम्हाला? दोन ठिकाणी नाही म्हणाले."

मी म्हटलं, "मला शेजार हवाय. बाकी मला काही विचारायचं नाही."

मला नव्हतं विचारायचं, पण इतरांना होतं. इमारतीतल्या मालकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एरवी त्यावर पाण्याची बिलं आणि सुप्रभात. दोन दिवसांनी मुलुंडच्या एका मालकाचा मला फोन आला. त्यांचा फ्लॅट माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या बरोबर वर. ताबा घेतल्यापासून ते एकदाच येऊन गेलेले.

"काकू, तुमच्या भाडेकरूंबद्दल जरा बोलायचं होतं. आपल्या बिल्डिंगचं वातावरण..."

"कसलं वातावरण?"

"तुम्ही समजून घ्या ना. उद्या विकायची वेळ आली तर रेटवर फरक पडतो. सगळ्यांचा विचार करायला हवा."

"तुम्ही इथे राहायला येताय का?"

"नाही, तसा विचार नाही सध्या."

"मग या मजल्यावरचं वातावरण मीच आहे," मी म्हटलं. "आणि मला त्या दोघी हव्यात."

फोन ठेवला आणि माझं मलाच नवल वाटलं. नोकरीत कधी वरच्याला उलट बोलले नाही मी. ग्रुपवर नंतर दोन-चार जणांनी गोलगोल शब्दांत काही लिहिलं, मी उत्तर दिलं नाही. सोसायटीच अजून झालेली नव्हती, बिल्डरने हस्तांतरच केलं नव्हतं, त्यामुळे ठराव करून अडवणार तरी कोण? पहिल्यांदाच त्या अर्धवट कारभाराचा मला फायदा झाला.

त्या दोघी दोन वर्षांहून थोड्या अधिक राहिल्या. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार काही घडलं नाही, आणि तेच मला आठवतं. सकाळी मुलीच्या शाळेची गडबड, "अम्मी, माझा मोजा," मग दार धाडकन. दुपारी मिक्सर. संध्याकाळी मस्कतहून व्हिडिओ कॉल, तेव्हा ती मोठ्याने बोलायची, जणू आवाज समुद्रापार पोचवायचाय. आमच्या दोघींच्या दारांना बाहेरून जाळीची दारं होती. आतली लाकडी दारं दिवसभर उघडीच राहायची. मी भाजी निवडत बसले की समोर तिचा हॉल दिसायचा. आम्ही बोलायचोच असं नाही. ती कपड्यांच्या घड्या घालायची, मी शेंगा सोलायची.

ती सांदण करायची, तांदळाचं आणि नारळाच्या दुधाचं, वाफवलेलं, गोडसर, मऊ. पहिल्यांदा ताटली घेऊन आली तेव्हा दारातच थांबून म्हणाली, "काकू, तुमच्यात चालतं ना आमच्याकडचं? यात अंडं-बिंडं काही नाही." मी तिथेच एक उचलून तोंडात टाकलं. त्यानंतर ताटल्यांची ये-जा सुरू झाली. मुलगी गणित घेऊन यायची. हातच्याची वजाबाकी तिला अजिबात जमायची नाही. टपाल खात्यात आयुष्यभर आकडे जुळवलेत मी, पण तिला शिकवताना मीच चुकायची आणि ती टाळ्या पिटायची, "आजी चुकली!"

इंदूरहून मुलीचा फोन आला की ती विचारायची, "एकटी कंटाळत नाहीस ना?" आणि मी खरं सांगायची, "नाही."

मग मस्कतहून तिचा नवरा सुट्टीवर आला. शांत, थोडा टक्कल पडलेला माणूस. एका संध्याकाळी दोघं माझ्याकडे येऊन बसली. तो म्हणाला, "काकू, भाड्याने किती दिवस राहायचं? हिला इथे करमलंय, मुलीची शाळा इथे. हा फ्लॅट तुम्ही आम्हालाच द्या. थोडे साठवलेत, बाकी बँकेचं लोन काढू."

मला इतका आनंद झाला की मी आधी चहा टाकायला उठले. भाडेकरू जातात, मालक जात नाहीत. ती समोरची मालकीण झाली असती तर माझं उरलेलं आयुष्य शेजारासकट मार्गी लागलं असतं. चहा उकळताना मी मनात तिच्या मुलीचं लग्नसुद्धा त्या हॉलमध्ये बघून घेतलं.

बँकेत तिघं गेलो. तिथल्या साहेबांनी कागद चाळले आणि विचारलं, "ओसी कुठे आहे?"

ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र. इमारत नियमाप्रमाणे बांधली आहे आणि तिथे माणसांनी राहायला हरकत नाही, असा सरकारी कागद. आमच्या इमारतीला तो नव्हता. आम्ही घेतला तेव्हा बिल्डरने सांगितलं होतं, "दोन महिन्यांत येईल." माझ्या नवऱ्याने भविष्य निर्वाह निधीतून पैसे भरले होते, बँकेकडे गेलोच नव्हतो, त्यामुळे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं.

"त्याशिवाय लोन होणार नाही," साहेब म्हणाले. "मॅडम, तसं बघितलं तर तुम्ही तिथे राहायलाही नको होतं."

बाहेर आल्यावर तिचा नवरा म्हणाला, "बिल्डरला भेटू." बिल्डरचं ऑफिस स्टेशनजवळ होतं. मी आणि ती रिक्षा करून गेलो. त्या जागी आता सोफ्यांचं दुकान होतं. काचेआड मोठमोठे सोफे, सगळे रिकामे. दुकानदाराला विचारलं, तो म्हणाला, "रोज कोणी ना कोणी येतं त्यांना शोधत. बसा, पाणी घ्या." आम्ही दोघी एका नव्याकोऱ्या सोफ्यावर, प्लास्टिकच्या आवरणावर, पाणी पीत बसलो. ती हसायला लागली. मलाही हसू आलं. त्या दिवशी दुसरं काही हाती लागलं नाही.

मग मी एकटी सरकारी कचेरीत गेले. पूर्वी मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचे, आता बाहेरच्या. तिथल्या बाईंनी सौजन्याने ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अर्ज विकासकाने करायचा असतो. किंवा सोसायटीने." मी म्हटलं, सोसायटी झाली नाही. "मग सगळ्या मालकांना एकत्र आणा." मी ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला. एकाने अंगठा टाकला. एकाने लिहिलं, "विमानतळ होऊ दे, आपोआप होईल."

तिच्या नवऱ्याची सुट्टी संपत आली. जायच्या आधी त्यांनी पनवेल गावात, तिच्या माहेराजवळ, जुन्या इमारतीतला एक फ्लॅट नक्की केला. लहान होता, पण कागद पुरे होते. ती मला सांगायला आली तेव्हा दारातच उभी राहिली, आत येईना.

"काकू, माझं मन नव्हतं," ती म्हणाली. "पण ते म्हणतात, परदेशातली कमाई, अशा ठिकाणी टाकून कसं चालेल?"

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हटलं. आणि होतंच बरोबर. तिच्या जागी माझी मुलगी असती तर मीही तिला हेच सांगितलं असतं.

सामान हलवलं त्या दिवशी लिफ्ट बंद होती. हमाल कपाट घेऊन जिन्यात अडकले. मुलगी माझ्याकडे बसून राहिली. सगळं खाली गेल्यावर तिच्या आईने फ्लॅट स्वच्छ झाडून, ओल्या फडक्याने पुसून दिला. मी म्हणत होते, राहू दे. ती म्हणाली, "राहिले ना मी इथे." मग माझा हात दोन्ही हातांत धरला. "येत राहा. लांब थोडीच आहे?"

लांब नव्हतंच. रिक्षाने जेमतेम अर्ध्या तासाचा रस्ता. ईदला तिने फोन करून बोलावलं, मी बर्फीचा डबा घेऊन गेले. घर माणसांनी भरलेलं. आई, भाऊ, मावश्या, त्यांची मुलं. ती स्वयंपाकघर आणि बाहेर अशी नुसती पळत होती. मला तिने सगळ्यांत चांगल्या खुर्चीवर बसवलं, शिरखुर्मा दिला, प्रत्येकाला ओळख करून दिली, "ह्या आमच्या काकू, ज्यांच्याकडे आम्ही होतो ना." सगळे आदराने हसायचे आणि परत आपापल्या बोलण्याकडे वळायचे. मुलगी चुलत-मावस भावंडांबरोबर गच्चीवर होती. निघताना तिला हाक मारली, ती धावत आली, मला मिठी मारली आणि परत वर गेली. मी रिक्षात बसले तेव्हा वाटलं, त्या दोघींना तिथे किती माणसं आहेत. माझ्याकडे होत्या तेव्हा त्यांनाही मीच एक होते, आणि मला ते कळलं नव्हतं.

नंतर मी फार गेले नाही. तिचा फोन येतो. आधी आठवड्याला यायचा, आता सणासुदीला.

फ्लॅट रिकामा राहिला. दलाल माणसं घेऊन यायचा. मी प्रत्येकाला पाण्याचं, लिफ्टचं, ओसीचं सांगायची. एकदा तो माणसं गेल्यावर मागे थांबला. "मावशी, राग मानू नका, पण तुम्ही जरा कमी बोलत जा. मी तीन जिने चढवून आणतो आणि तुम्ही एका मिनिटात परत पाठवता."

"चार," मी म्हटलं. "आमचा चौथा मजला आहे."

"बघा! हेच," तो म्हणाला आणि निघून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस आला नाही.

रोज दुपारी मी समोरचं दार उघडून खिडक्या मोकळ्या करायची. बंद घराला एक कोंदट वास येतो, तो बसू नये म्हणून. कबुतरांनी स्वयंपाकघराच्या सज्जात काड्या जमवल्या होत्या, त्या काढायची. परत कुलूप. घरात कोणी नसलं तरी बेल वाजते का बघावी म्हणून एकदा वाजवून बघितली. वाजली. पुन्हा नाही वाजवली.

उन्हाळ्यात एका दुपारी जेवण करून उठले तर दाराच्या फटीतून पाणी आत येताना दिसलं. बाहेर येऊन बघते तर समोरच्या दाराखालून पाण्याचा पाट. आत गेले. हॉलच्या छतातून, पंख्याच्या दांड्यावरून, भिंतीवरून पाणी उतरत होतं. भिंतीचा रंग फुगून लोंबत होता. वरच्या, म्हणजे मुलुंडकरांच्या बंद फ्लॅटमध्ये गेल्या काही दिवसांत कोणीतरी घर बघून जाताना नळ उघडा ठेवला असणार, पाणी नसताना. आज टँकर आला, टाकी भरली आणि तो नळ वाहायला लागला. सगळी इमारत बादलीने पाणी मोजत होती आणि एका रिकाम्या घरात ते मोकळं वाहत होतं.

मी मुलुंडला फोन लावला. "अरेच्चा," ते म्हणाले. "शनिवारी येऊन बघतो."

"आज सोमवार आहे हो! माझं छत गळतंय."

"काकू, किल्ली माझ्याकडे आहे, मी ऑफिसात आहे. काय करू सांगा?"

वॉचमनला फोन लावला. तो गावातलाच, आगरी, ज्याच्या भावकीच्या शेतावर ही इमारत उभी आहे. मागे हळदीच्या मांडवातला दणदणाट. "मावशी, आमी हलदीला हाय, ऐकू नाय येत! वर गच्चीवं जा, टाकीजवल व्हॉल्व हाय, तो बंद करा! तुमच्या बाजूचा!"

मग मी गेले. गुडघे धरून, कठडा धरून, वरचे तीन मजले ओलांडून. वाटेत सगळी कुलपं. काही दारांवर नावाच्या पाट्या होत्या, काहींवर वाळलेली तोरणं, जी वास्तुशांतीच्या दिवशी लावली आणि तशीच राहिली. गच्चीवर डोळे दिपवणारं ऊन. टाकीच्या खाली व्हॉल्व्हची रांग, गंजलेले, कुठला कोणाचा काही लिहिलेलं नाही. माझी बाजू कुठली ते अंदाजाने ठरवलं आणि चाक फिरवायला लागले. फिरेना. पदर गुंडाळून, दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ओढलं तेव्हा हललं. वाहण्याचा आवाज हळूहळू बारीक झाला आणि थांबला.

मी टाकीच्या सावलीत बसले. तिथून सगळं दिसतं. एका बाजूला माथेरानचे डोंगर, दुसरीकडे इमारती, अशाच नव्या, उंच, बऱ्याचशा बंद खिडक्यांच्या. आणि त्यांच्या पलीकडे कुठेतरी तो विमानतळ. मला खूप रडू आलं. छतासाठी नव्हे. नवरा गेल्यापासून मी दवाखाना, बँक, कचेऱ्या सगळं एकटीने केलं, कधी काही वाटलं नाही. पण त्या व्हॉल्व्हचं चाक फिरत नव्हतं तेव्हा मी मोठ्याने म्हटलं होतं, "अहो, जरा धरा ना." सवयीने. आणि कोणीच नव्हतं.

छत वाळायला दोन महिने लागले. मुलुंडकर शनिवारी आले नाहीत, पण त्यांनी दुरुस्तीचा खर्च दिला, खोटं कशाला बोलू.

आणि मग विमानतळ खरंच सुरू झाला. इतकी वर्षं ऐकत होतो, आणि एके दिवशी कपडे वाळत घालताना डोक्यावरून विमान गेलं. मी चिमटा हातात धरून बघत राहिले. महिनाभरात इमारतीचं रूप बदललं. ज्यांची तोंडं कधी पाहिली नव्हती ते मालक गाड्यांतून यायला लागले. कुलपांना तेल घातलं गेलं. दलाल परत आला, यावेळी मिठाई घेऊन. "मावशी, गिऱ्हाईक आहे. ओसी नको, लोन नको, एकरकमी. असा माणूस परत मिळणार नाही."

तो माणूस ठाण्याहून आला, बायकोबरोबर. सभ्य होता. छतावरचा डाग बघितला आणि पुढच्या खोलीत गेला. बायकोने खिडकीतून बाहेर बघितलं आणि म्हणाली, "छान हवा आहे."

मी विचारलं, "राहायला कधी येणार?"

"राहायला? नाही नाही," तो हसला. "आमचं ठाण्याला आहे. ही गुंतवणूक. पाच-सहा वर्षं ठेवू."

"मग भाड्याने देणार?"

"भाडेकरूंची कटकट कोण करणार, मावशी? बंदच ठेवू. तुम्ही समोर आहातच, लक्ष राहील."

दलाल माझ्याकडे टक लावून बघत होता. मी म्हटलं, "विचार करून सांगते." संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. दलालाने कपाळावर हात मारल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

इंदूरहून मुलगी रागावली. "आई, अगं अशी संधी! त्या पैशांत तू इथे जवळ एक लहान घर घेशील. बाबांनी याचसाठी घेतला होता ना तो फ्लॅट?"

"हो," मी म्हटलं, "याचसाठी घेतला होता."

"मग?"

तिला काय सांगू? की समोरचं दार पुढची पाच-सहा वर्षं बंद राहणार आणि त्याची राखणही मीच करायची, हे मला झेपणार नाही? तिने म्हटलं असतं, मग तूही ते घर सोड. तिचं चुकलं नसतं. पण मी माझ्या नावाच्या दोन दारांमध्ये राहते, आणि इंदूरला कुठलीही खुर्ची घेतली तरी ती दुसऱ्याच्या घरातली असते. मी एवढंच म्हणाले, "बघू गं पुढे." तिने विचारलं, "जेवलीस का?"

आता समोर तीन मुली राहतात. विमानतळावर नोकरीला. एक नागपूरची, एक साताऱ्याची, एक मणिपूरची. ग्रुपवर पुन्हा मेसेज आले, बॅचलर, त्यातून मुली, वेळी-अवेळी येणं-जाणं. आता मला त्याची सवय झाली होती. मी लिहिलं, "करार झाला आहे, नोंद झाली आहे," आणि फोन उपडा ठेवला.

खरं सांगायचं तर त्यांचा शेजार मिळत नाही. शिफ्टमध्ये काम, कोणी झोपलेलं, कोणी निघालेलं. लाकडी दार कायम बंद. भेटल्या तर "हाय आंटी" आणि लिफ्टचं बटण. मी पहिल्या आठवड्यात उपमा करून दिला. रिकामा डबा धुऊन, एका चिठ्ठीवर हसरा चेहरा काढून, दाराच्या कडीला अडकवलेला मिळाला. कधी अडकवला ते मला कळलंच नाही.

परवा मात्र सकाळी बेल वाजली. साताऱ्याची मुलगी, गणवेशात, केस घट्ट बांधलेले, घाईत.

"आंटी, एक काम होतं. आज गॅसचा सिलिंडर येणारे आणि आम्ही तिघीही ड्यूटीला. तुम्ही घ्याल का? पैसे ऑनलाइन भरलेत, फक्त हा नंबर सांगायचा."

"घेते की," मी म्हटलं. "किती वाजता?"

"ते काही सांगत नाहीत. दिवसभरात कधीही."

"जा तू. मी आहे घरात."

मला त्या दिवशी बाजारात जायचं होतं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. दोन्ही पुढे ढकललं. लाकडी दार उघडं ठेवून जाळीच्या दाराशी खुर्ची ओढली आणि बसले. अकरा वाजले, बारा वाजले. जेवतानाही ताट मांडीवर घेऊन तिथेच. दुपारी खाली जिन्यात लोखंडाचा आवाज झाला, एक एक पायरी वर येणारा. लिफ्ट बंद असणार. मी माझ्याकडची समोरची जादा किल्ली घेऊन उभी राहिले.

खांद्यावर सिलिंडर घेतलेला माणूस धापा टाकत चौथ्या मजल्यावर आला. "कोणाकडे?"

"इकडे," मी समोरचं दार उघडत म्हटलं. आत ओल्या टॉवेलांचा आणि कसल्याशा फुलांच्या क्रीमचा वास होता. सोफ्यावर कपडे, टेबलावर अर्धवट कॉफीचा मग. "आत ठेवा, स्वयंपाकघरात. रेग्युलेटर लावून बघा, गळत तर नाही ना."

त्याने साबणाचं पाणी लावून बघितलं, नंबर विचारला, फोनमध्ये टाकला. जाताना म्हणाला, "आजी, पाणी मिळेल का प्यायला?"

"बसा," मी म्हटलं. "माठातलं आणते."